गोळीचं पथ्य

१

गच्चीवर अंथरलेल्या जुन्या धोतरावर कुरडया वाळत होत्या. कडेच्या ओळीतल्या अगदी गोल, नीट वेटोळ्यांच्या. पुढच्या ओळीत वेटोळी सैल पडलेली. त्यापुढच्या लांबोळक्या, मध्येच तुटलेल्या, एकमेकींवर चढलेल्या. आणि शेवटची तर धोतर सोडून तापल्या फरशीवर उतरली होती. तिची शेपटी जिथं संपत होती, तिथंच काल सकाळी प्रियदर्शनी पडलेली सापडली. सोऱ्या हातात तसाच. डोळे उघडे, पण ओळख नाही. तोंडातून शब्द येत होते, पण एकही धड नव्हता.

उपनिरीक्षक सबा शिकलगार त्या धोतराकडं बघत उभी राहिली. आष्ट्याच्या ठाण्यात येऊन तिला दोन वर्षं होत आली होती. चोऱ्या बघितल्या, हाणामाऱ्या बघितल्या. पण एका बाईचा हात घडीघडीनं तिच्या ताब्यातून कसा सुटत गेला, हे असं ओळीनं मांडून ठेवलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

सकाळीच ती सांगलीला दवाखान्यात जाऊन आली होती. डॉ. अमृत हे मनोविकारांचे डॉक्टर. वय फार नाही, बोलणं भराभर.

"चार वर्षं बायपोलरची पेशंट आहे. म्हणजे मन एकदा उधाणल्यासारखं चढतं, एकदा तळाला जातं. लिथियमवर छान स्थिर होती. परवापर्यंत मी हिचं उदाहरण इतरांना देत होतो."

"मग झालं काय?"

"विषबाधा."

सबाच्या हातातलं पेन थांबलं. "कसलं विष?"

"तेच तर. तिचंच औषध. रक्तात लिथियम जितकं हवं त्याच्या तिपटीच्या वर आहे. हे औषध असंच असतं, मॅडम. योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांच्यात फार थोडं अंतर. एक तर तिनं स्वतः जास्त गोळ्या घेतल्या," डॉक्टर क्षणभर थांबले, "नाहीतर कुणीतरी दिल्या."

२

घरात माणसं तीनच. सासू शालूबाई, चार वर्षांची नात शिवांजली, आणि सुट्टीला माहेरी आलेली नणंद अंकिता. प्रियदर्शनीचा नवरा राजवर्धन फौजेत. कळल्यावर पठाणकोटहून निघाला होता, संध्याकाळपर्यंत पोचणार होता.

अंकिता वडूजला शाळेत शिक्षिका. तिच्या लग्नाला बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हे तिनं सांगितलं नव्हतं. शेजारच्या धोंडुबाईनं सबा चप्पल काढत असतानाच तिच्या कानात घातलं होतं.

"गोळ्या कोण द्यायचं?" सबानं विचारलं.

"मी. आल्यापासून मीच देते. माझ्याच कपाटात असतात, कुलपात."

"कुलपात का?"

"पाच वर्षांपूर्वीची वहिनी तुम्ही बघितली नाहीत." अंकिताचा आवाज चढला. "पहाटे उठून अख्ख्या गल्लीला पुरणपोळीचं आवतण देऊन आली होती. जेवणाची ताटं अंगणात भिरकावली होती. नंतर तीन महिने भिंतीकडं तोंड. शिवू पोटात आली तेव्हा आमच्या काळजाचं पाणी झालं होतं."

तिनं कपाट उघडून गोळ्या पुढं केल्या. सबानं चिठ्ठीवरच्या तारखेशी ताडून पाहिलं. एकही गोळी कमी नव्हती, एकही जास्त नव्हती. जितक्या उरायला हव्यात तितक्याच.

आता बघा, हे चांगलं लक्षण की वाईट? प्रियदर्शनीनं चोरून गोळ्या खाल्ल्या असत्या तर इथं कमी पडल्या असत्या. म्हणजे जास्तीचं औषध आलं ते दुसरीकडून. आणि आणणारा माणूस हिशोबी.

"मॅडम, मला विचाराल तर तिनंच घेतल्या," अंकिता म्हणाली. "कुठनं मिळवल्या ते देव जाणे. गेले आठ-पंधरा दिवस तिचं चिन्ह काही ठीक नव्हतं. हात कापायचे, चालताना भिंतीला धरायची. दोनदा उलटी झाली. आम्हाला वाटलं, आजार परत उलटला."

"डॉक्टरांना कळवलं नाही?"

"आई म्हणाली, उन्हाचं असंल. वाळवणाचे दिवस, दिवसभर गच्चीवर घामानं निथळायची." अंकिता जरा थांबली. "एक सांगू? आईचंच मला काही कळत नव्हतं. वहिनीचं जेवण वेगळं शिजवायची. वेगळं पातेलं. परवा कुरडयांचा चीक शिजवला, मी आणि शिवूनं वाटीवाटीनं खाल्ला. वहिनीनं बोट बुडवलं तर आईनं तिचा हात धरला. म्हणाली, हे तुझ्यासाठी नव्हं."

३

शालूबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून पाय चोळत होत्या. साठीच्या पुढची बाई, डोळे रडून सुजलेले.

"या बाई. बसा. उठवत न्हाई मला, पायात गोळं येत्यात. आठ दिस झालं, आंग कसं मोडून आल्यागत झालंय."

"आजी, सुनेचं जेवण तुम्ही वेगळं करत होता?"

"व्हय तर." त्यांनी मान ताठ केली. "मीच करत हुते. दुसऱ्याच्या हातचं पडू द्येत नव्हते. दोन म्हैनं झालं. आजारी माणसाला सांभाळून न्हाई घालायचं तर कुणाला घालायचं?"

"त्यात काय घालत होता?"

"काय म्हंजी? भाजी, आमटी, पिठलं. आन मीबी त्यातलंच खायाची. तिच्याच पातेल्यातलं." त्या सबाकडं रोखून बघू लागल्या, आणि हळूहळू प्रश्नाचा अर्थ त्यांच्या चेहऱ्यावर उतरला. "आगं बया! तुमी मला इचारताय, इख घातलं का म्हून? आवं, लेक देऊन सून आणली न्हाई मी, सून म्हून लेकच आणली! तिनं ताटं भिरकावली तवा मीच गोळा केली. कुणाला बोलून दाखवलं न्हाई कवा."

कोपऱ्यात परकराचा घोळ सावरत शिवांजली बसली होती. सबा तिच्याजवळ उकिडवी बसली. आईवेगळं दोन दिवस राहिलेलं पोर. केसांची गुंतवळ झाली होती. सबानं बोटांनीच ती सोडवायला घेतली.

"शिवू, तू आईच्या ताटातलं जेवायचीस?"

मुलीनं जोरात मान हलवली. नाही.

"का गं?"

"आईची भाजी घाण."

अंकिता दारात खिळली. शालूबाईंच्या हातातला पदर गळून पडला.

"घाण म्हणजे कशी? कडू?"

"न्हाई."

"आंबट? वास यायचा? काय असायचं त्यात?"

शिवांजलीनं विचार केला. मग दोन्ही हात उताणे पसरून म्हणाली, "काईच न्हाई."

अंकितानं सुस्कारा सोडला. "पोर आहे मॅडम. काहीही बोलतं."

सबालाही तसंच वाटलं. तिथंच तिची चूक झाली.

४

राजवर्धन आला तो अंगावरचा प्रवास न झटकताच. उंच, अबोल माणूस. सबासमोर खुर्चीवर बसला, पण टेकला नाही.

"मॅडम, जीव द्यायला बघितलं का तिनं? एवढंच सांगा."

"अजून सांगता येत नाही."

"मी तिकडं तेराशे मैलांवर. रोज फोन करायची. म्हणायची, मी बरी आहे, बघा, आता रडत नाही, ओरडत नाही, जे वाढलं ते जेवते." त्याचा आवाज फाटला. "ते सगळं खोटं बोलत होती?"

सबानं पाण्याचा पेला त्याच्याकडं सरकवला.

"मग पोरगी तिच्याजवळ कशी ठेवू? माझी रजा संपली की घरात कोण? उद्या हिनं शिवूला घेऊन विहिरीत..." त्यानं वाक्य तोडलं. "उद्या दुपारी शिवूला अंकीबरोबर वडूजला पाठवतोय. कायमची. प्रियाला शुद्ध आली की तसं सांगेन."

म्हणजे प्रश्न आता असा होता: ती बाई डोळे उघडेल तेव्हा तिचं मूल तिचं असेल की नाही? आणि उत्तर सबाला जास्तीत जास्त उद्या दुपारपर्यंत द्यायचं होतं.

निघता निघता सबानं अंकिताची खोली पुन्हा बघायला मागितली. पलंगाखाली एक नवी पिशवी होती. आत गुलाबी दप्तर, पाण्याची बाटली, आणि छोट्या चपला. सबानं चप्पल उलटी केली. तळव्याला बाजाराची चिठ्ठी तशीच. शिवूच्याच मापाची.

"हे कधी घेतलं?"

अंकिता पांढरीफटक पडली.

"माहेरी यायच्या आधी," ती शेवटी म्हणाली. "वडूजच्या बाजारात."

म्हणजे प्रियदर्शनी कोसळण्याच्या कितीतरी आधी.

"मी तिला काही दिलं नाही! आईशप्पथ मॅडम!" अंकिता भिंतीला टेकून खाली बसली. "मी फक्त वाट बघत होते. ती परत बिघडणार, सगळेच म्हणत होते. बिघडली की शिवू माझ्याकडं येईल. रोज सकाळी तिच्या तळहातावर गोळी ठेवायचे आणि मनात म्हणायचे, आज तरी लागू पडू नये. हा गुन्हा असेल तर लिहा. पण गोळी मी एकच द्यायचे. एकच."

सबानं आजवर खोटं बोलणारे पुष्कळ बघितले होते. इतकं लाजिरवाणं खरं कुणी उगीच बोलत नाही.

मग विष आलं कुठून?

५

दुसऱ्या दिवशी सकाळी सबा क्षणभर घरी डोकावली. दहा महिन्यांचा अजीम आजीच्या मांडीवर बसून मुगाची खिचडी खात होता. म्हणजे थोडी खात होता, बाकीची अख्तरबींच्या साडीला देत होता.

"बघ, तुझी फौजदार आई आली," अख्तरबी म्हणाल्या. "आता स्वतःलाच धरून ने म्हणावं, पोराला आठ-आठ तास सोडून जाते."

"अम्मी, नको ना." सबानं लेकाला उचललं, त्याच्या मानेत नाक खुपसलं. मग वाटीत उरलेला घास, आया खातात तसा, न बघता तोंडात टाकला.

आणि तिनं तोंड वाकडं केलं. "ई! ह्यात काहीच नाही!"

"काय असणार? डॉक्टरनीच सांगितलंय ना, वर्षाचा होईतो मीठ नको. अळणीच द्यायची."

सबा घास तोंडात धरून उभी राहिली.

*काईच न्हाई.*

पोर खोटं बोललं नव्हतं. थापा मारत नव्हतं. विचारलं त्याचं नेमकं उत्तर दिलं होतं. आईच्या भाजीत काय असायचं? काहीच नसायचं. कडू नाही, आंबट नाही. अळणी!

आणि मग एकेक गोष्ट आपल्या पायानं चालत तिच्यापुढं येऊन बसली. वेगळं पातेलं. चिकात मीठ घालतात, म्हणून तो 'तुझ्यासाठी नव्हं'. शालूबाईंच्या पायात येणारे गोळे. त्यांनीही तेच जेवण जेवलं होतं. उन्हात निथळणारा घाम. अंगातलं होतं नव्हतं ते मीठ घामानं जाणार, आणि ताटातून एक कण आत येणार नाही.

पण मीठ काढल्यानं औषध कसं वाढेल? तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, एकही जादा गोळी न घेता रक्तातलं लिथियम वाढू शकतं?"

"वाढू शकतं. काही दुखण्यावरच्या गोळ्यांनी, जुलाबांनी. पण मी विचारलं होतं नणंदेला, जेवणाखाण्यात काही बदल? त्या म्हणाल्या, घरचंच जेवण."

"घरचंच होतं. पण दोन महिने त्यात मीठ नव्हतं."

पलीकडं खुर्ची करकरत मागं सरकली.

"अरे देवा," डॉक्टर हळूच म्हणाले. "लिथियम आणि मिठातलं सोडियम, दोघं एकाच घराण्यातले. मूत्रपिंडाला त्यांच्यात नीट फरक करता येत नाही. मीठ कमी पडलं की मूत्रपिंड घाबरतं, येईल तो कण धरून ठेवतं. मीठ समजून लिथियमही धरून ठेवतं. गोळी रोज एकच जाते, पण बाहेर पडत नाही. साठत जाते." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "विष कुणी घातलंच नव्हतं."

"नाही. मीठ काढलं होतं. डॉक्टर, प्रियदर्शनी कशी आहे?"

"पहाटेच शुद्धीवर आली. आज थोडं खायला परवानगी दिलीय. सासूबाई घरून डबा घेऊन..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. फोनवर त्यांच्या धावत्या पावलांचा आवाज आला.

६

सबा सांगलीला पोचली तेव्हा डबा न उघडताच खिडकीत ठेवलेला होता. डॉक्टर वेळेवर पोचले होते. खाटेभोवती सगळेच होते. राजवर्धन शिवूला घेऊन निरोप घ्यायला आला होता. अंकिताच्या खांद्याला ते गुलाबी दप्तर लटकत होतं. प्रियदर्शनी उशीला टेकून पडली होती. ओठ कोरडे, हात अजून थरथरत. नजर मात्र जागेवर होती आणि ती फक्त दप्तरावर खिळली होती. कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला कळलं होतं.

"काय झालं बाई?" शालूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "डॉक्टर डबा हातातनं हिसकावून घ्येत्यात! पोरगी दोन दिसाची उपाशी हाय."

"आजी," सबानं त्यांना स्टुलावर बसवलं, "जेवणात मीठ घालायचं का थांबवलंत?"

"का म्हंजी? पथ्य नको? औषध म्हटलं की पथ्य आलंच." त्यांनी डॉक्टरांकडं बोट केलं. "ह्येंनाच इचारलं हुतं की मी, दोन म्हैन्यापूर्वी. पथ्य काय पाळायचं? तर म्हणालं, पथ्य काय न्हाई. आता असं कवा आसतं का? सर्दीच्या गोळीलाबी पथ्य आसतं. मग म्हणालं, आजी, भिऊ नका, ही वेडाची गोळी न्हवं, ही मिठासारखीच हाय, मातीत सापडणारी. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. गोळीतच मीठ हाय, तर वरनं आनि कशाला? मला बीपीला मीठ वाईट सांगितलंय. म्या म्हटलं, हिला तर दुप्पट वाईट. म्हून बंद केलं. आन ती एकटी अळणी कशी खाईल, म्हून मीबी बंद केलं."

डॉ. अमृत खाली बघत होते. "मी म्हणालो होतो," ते कुणालाच न म्हणता म्हणाले. "तुमच्या मनातली त्या गोळीची लाज जावी म्हणून. मिठासारखंच खनिज आहे, मेंदूतल्या निरोपांचा गोंधळ आवरतं. कसं आवरतं ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. एवढं बोललो, आणि मीठ रोजच्यासारखं खा, कमी नको, जास्त नको, हे एक वाक्य राहिलं. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल, असं मी धरून चाललो."

राजवर्धननं सबाकडं बघितलं. "म्हणजे तिनं..."

"तिनं काही केलेलं नाही. जीव द्यायला बघितलं नाही. तुम्हाला फोनवर एक शब्दही खोटं बोलली नाही. वाढलं ते जेवत होती, एवढंच. मी तसंच लिहिणार आहे."

राजवर्धन खाटेशी गेला. "प्रिया, अळणी लागत होतं तर बोलली का नाहीस गं?"

प्रियदर्शनीचे शब्द अजून जड येत होते. "एकदा... ताटं फेकली होती मी. त्यानंतर... मला कशालाच नको म्हणायचं नव्हतं." ती सासूकडं वळली. "आत्ती सोबत जेवत होत्या. पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसून. मला गोडच लागायचं."

शालूबाईंना अजून काही कळत नव्हतं, किंवा कळत होतं आणि त्या ते आत येऊ देत नव्हत्या. त्यांची नजर टांगलेल्या बाटलीवर गेली.

"पर मग तुमी ह्ये दोन दिस काय लावलंय तिला? सलाईन, सलाईन म्हंत्यात त्ये?"

डॉक्टर बाटलीकडं वळले. "आजी, ते मिठाचं पाणी आहे."

शालूबाई त्या थेंबाकडं बघत राहिल्या. एक पडला. दुसरा पडला.

"आवं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ओळखू येईना, "म्हंजी मी तोंडातनं काडून घेतलं, त्ये तुमी सुईनं घालताय? म्या... माझ्या ह्या हातानं..."

त्या स्टुलावरून घसरल्या. अंकितानं धावत जाऊन आईला सावरलं. धरताना खांद्यावरचं दप्तर खाली पडलं. ते तिनं उचललं, काही क्षण हातात धरलं, आणि मग खाटेच्या कडेला, प्रियदर्शनीच्या पायाशी ठेवलं.

"शिवूला आणलंय," ती वर न बघता म्हणाली. "आष्ट्याच्या शाळेतही चालेल."

मग डॉक्टरांनीच दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून एका बशीत थोडं मीठ मागवलं. डब्यातली भाजी ताटलीत निघाली. मीठ शालूबाईंच्या पुढ्यात ठेवलं, पण त्यांचे हात पदराखालून बाहेर येईनात.

"माझ्याच्यानं हुनार न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या आता तिच्या ताटाला हात लावायची न्हाई. कवाच न्हाई."

प्रियदर्शनीनं थरथरता हात पुढं केला आणि ताटली सासूकडं सरकवली. जेवढी सरकली तेवढी.

"आत्ती, भूक लागलीय. मीठ वाढा की."

दोघींचेही हात कापत होते. शालूबाईंनी चिमूट उचलली. निम्मं मीठ चादरीवर सांडलं, निम्मं ताटलीत पडलं. शिवांजली बापाच्या कडेवरून उतरली, खाटेवर चढली आणि कुणी अडवायच्या आत तिनं आईच्या भाजीत बोट बुडवून तोंडात घातलं.

सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"आता हाय," ती म्हणाली, आणि बोट पुन्हा ताटलीत घातलं.